प्रॉडक्ट मॅनेजर आणि हुकमाची मोजपट्टी

प्रॉडक्ट मॅनेजर या पदाबद्दल आज दोन मते रूढ आहेत आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने मांडली जातात. पहिले व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि मुलाखतीच्या तयारीत ऐकू येते: प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे आपल्या प्रॉडक्टचा सीईओ. दुसरे पुण्याच्या हिंजवडीत किंवा खराडीत डेव्हलपर मंडळी जेवायला बसली की ऐकू येते: हा माणूस कोड लिहीत नाही, डिझाइन करत नाही, माल विकत नाही, मीटिंगा लावतो, तिकिटे इकडून तिकडे सरकवतो, रोज ‘कुठपर्यंत आलं?’ असे विचारतो आणि काम झाले की सादरीकरण मात्र स्वतः करतो. पहिल्या मतात तो धनी आहे, दुसऱ्यात सांगकाम्या.

वरवर पाहिले तर ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. माझा दावा असा की ती मुळात एकच आहेत, कारण दोन्हींची मोजपट्टी एक आहे: या माणसाचा हुकूम किती जणांवर चालतो? पहिला पक्ष म्हणतो, सगळ्यांवर चालला पाहिजे. म्हणून तो सीईओ. दुसरा पक्ष पाहतो की कोणावरच चालत नाही. म्हणून तो निरुपयोगी. हुकूम हेच या कामाचे माप आहे, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरले आहे. तेच गृहीतक मला खोडून काढायचे आहे. या पदाचे काम निराळे आहे. काय बनवायचे, कोणासाठी बनवायचे आणि तो माणूस पैसे मोजून ते का घेईल, या प्रश्नांची उत्तरे शोधणे, ती पुराव्यावर तपासणे आणि चुकली तर ती चूक आपली म्हणून स्वीकारणे. पुरावे पुढे ठेवतो. निवाडा वाचकाने करावा.

आधी पहिला पक्ष, आणि तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. ‘प्रॉडक्टचा सीईओ’ ही कल्पना उथळ माणसांनी पसरवलेली नाही. नव्वदच्या दशकात नेटस्केप कंपनीत बेन हॉरोविट्झ आणि डेव्हिड वायडन यांनी आपल्या प्रॉडक्ट मॅनेजरांसाठी एक टिपण लिहिले. चांगला प्रॉडक्ट मॅनेजर कसा वागतो आणि वाईट कसा वागतो, हे त्यात जोडीजोडीने सांगितले आहे, आणि सीईओची उपमाही त्यातच आहे. हेतू स्वच्छ होता. माणसे कमी होती, वेळ नव्हता, इंजिनिअरांनी ऐकले नाही, अशा सबबी सांगू नका. यशापयशाचे धनी तुम्ही आहात, एवढेच त्यांना ठसवायचे होते. पुढे हे टिपण पुन्हा प्रसिद्ध करताना हॉरोविट्झ यांनीच वर सूचना जोडली की ते जुने झाले आहे आणि आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरांना बहुधा लागू पडणार नाही. उपमा जगभर पोचली. सूचना मागेच राहिली.

सीईओ माणसे नेमतो आणि काढतो, पैसा कुठे जाईल ते ठरवतो, संचालक मंडळापुढे उभा राहतो. प्रॉडक्ट मॅनेजरला यातले काय करता येते? ज्या डेव्हलपरच्या कामावर त्याचे सारे अवलंबून, त्याची पगारवाढ दुसऱ्याच्या हातात. जाहिरातीचा पैसा मार्केटिंगकडे, विक्रेते सेल्सकडे, किमतीवरची शेवटची सही फायनान्सकडे. यावर या पक्षाचे लोक म्हणतात की उपमा अधिकाराची नाही, वृत्तीची आहे; सीईओसारखी जबाबदारी घ्या, इतकाच तिचा अर्थ. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण मग जबाबदारीच म्हणा ना. सीईओ म्हटले की नवखा माणूस जबाबदारी सावकाश शिकतो आणि आदेश मात्र पहिल्या दिवसापासून द्यायला लागतो. टीमला त्याचा राग येतो, आणि दुसऱ्या पक्षाला जो पुरावा हवा असतो तो पहिल्याच पक्षाने असा तयार करून दिलेला असतो.

तरीही समजा, ही अडचण बाजूला ठेवली. समजा, एखाद्या प्रॉडक्टच्या पाठीशी सीईओचा, किंबहुना त्याहूनही मोठा अधिकार खरोखरच उभा केला. मग ते प्रॉडक्ट यशस्वी होते का? हा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर झालेला आहे आणि त्याचा मोठा भाग पुण्यात झालेला आहे.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटा यांनी नॅनो जगासमोर आणली. स्कूटरवर कसेबसे मावून चाललेले कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले होते. लाखाच्या किमतीचा शब्द आधी दिला गेला होता आणि गाडी त्या शब्दात बसवायची होती. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ती बसवली. इंजिन ६२४ सीसीचे आणि मागच्या बाजूला, वायपर एकच, चाकाला तीन नट, डिकीला बाहेरून उघडणारे दार नाही. प्रत्येक गोष्टीला ‘हे लागतेच का?’ असा प्रश्न विचारून गाडी घडवली होती. अभियांत्रिकी म्हणून हे काम अव्वल दर्जाचे होते, त्याचा मान ठेवूनच पुढचे लिहितो. प्रकल्पाचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली, सुरुवातीला दोन लाखांवर बुकिंग झाले, साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभा राहिला. आणि सर्वांत चांगल्या वर्षातही विक्री पाऊण लाखापर्यंत पोचली नाही. २०१८ मध्ये उत्पादन थांबले.

जमिनीच्या वादामुळे पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या झाल्या. ही कारणे खरी आहेत आणि ती कोणी नाकारू नयेत. पण सिंगूरचा तंटा साणंदला संपला. त्यानंतर गाड्या बनत होत्या, शोरूममध्ये उभ्या होत्या, आणि घेणारा येत नव्हता. का? स्कूटरवरच्या कुटुंबाला चारचाकी हवी होती, यात शंका नाही. पण देशातली सर्वांत स्वस्त चारचाकी हवी होती का? आयुष्यातली पहिली गाडी घेणारा माणूस उन्हापावसापासून आडोसा घेतो, तसे आपण कुठवर येऊन पोचलो हेही सोसायटीला आणि सासुरवाडीला दाखवत असतो. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख त्याच्या नेमकी आड आली. नॅनोला स्वस्त गाडी म्हणून विकणे चुकले, हे पुढे खुद्द रतन टाटा यांनी बोलून दाखवले.

आता पहिल्या पक्षाला माझा प्रश्न: या प्रॉडक्टमागे अधिकार कमी पडला होता का? उद्योगसमूहाचा अध्यक्ष स्वतः त्याचा पुरस्कर्ता होता. देशातल्या कोणत्याही प्रॉडक्ट मॅनेजरला स्वप्नातही मिळणार नाही असे पाठबळ त्याला होते. अधिकाराने किंमत साधता येते, मुदत साधता येते, आख्खा कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतो. घेणाऱ्याच्या मनातले उत्तर अधिकाराने बदलत नाही. उलट मला असे वाटते की शब्द जितका वरून येतो तितके खालच्या माणसाला ‘पण हे कोण घेईल?’ असे विचारणे जड जाते.

आता त्याच गिरीश वाघांचे आधीचे काम पाहा. मे २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला. त्या प्रकल्पाचे नेतृत्वही वाघ यांच्याकडेच होते. त्या वेळी शहरातल्या छोट्या मालवाहतुकीवर तीनचाकी टेम्पोंचे राज्य होते. वाघ यांची टीम टेम्पोवाल्यांशी जाऊन बोलली. नुसते ‘काय हवे?’ असे विचारले असते तर उत्तर ठरलेले होते: स्वस्त द्या, ॲव्हरेज जास्त द्या. टीमने माल कुठून कुठे जातो, किती लादला जातो, महामार्गावर तीनचाकीची भीती कशी वाटते, हे समजून घेतले. एका तरुण टेम्पोवाल्याने सांगितले की चारचाकी असती तर गावात लग्न जमायला सोपे गेले असते. ही गोष्ट एसच्या जन्मकथेत नेहमी सांगितली जाते, आणि ती किस्सा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तीनचाकीपेक्षा महाग चारचाकी टेम्पोवाला का घेईल, याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. उरलेले अर्धे हिशेबात होते. शहरांत मोठ्या ट्रकना मज्जाव वाढत होता, महामार्गांवर मोठे ट्रक धावणार होते, आणि त्यांचा माल शेवटच्या दुकानापर्यंत नेणारे छोटे, भक्कम वाहन लागणार होते. टाटांच्याच इंडिका गाडीच्या चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचे अर्धे करून दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे इंजिन केले, खर्च आटोक्यात ठेवला, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजार समितीबाहेर छोटे हत्ती रांगेने उभे राहिले.

कंपनी तीच. शहर तेच. नेतृत्व करणारा अभियंता तोच. दोन्हीकडे काटकसर आणि कौशल्य सारखेच. मग फरक कशात आहे? एसमध्ये ‘का घेईल?’ याचे उत्तर गाडी ठरण्याआधी शोधले गेले. नॅनोमध्ये किंमत हेच उत्तर धरले गेले. प्रॉडक्ट मॅनेजरचे काम या फरकात आहे. हे काम टाटा मोटर्समध्ये कोणत्या पदनावाखाली झाले, हा मुद्दा गौण आहे.

कोणी म्हणेल, एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये. मान्य. म्हणून दुसरे, अर्ध्या शतकाहून जुने. जपानच्या उद्योग मंत्रालयाने १९५५ मध्ये सामान्य माणसासाठी ‘राष्ट्रीय कार’ असावी अशी कल्पना मांडली. तिला उत्तर म्हणून टोयोटाने १९६१ मध्ये पब्लिका आणली. हलकी, काटकसरी, तांत्रिकदृष्ट्या नेटकी; रेडिओ नाही, हीटर नाही. ती अपेक्षेइतकी खपली नाही. १९६३ मध्ये सजावट, रेडिओ, हीटर देऊन डीलक्स आवृत्ती काढली तेव्हा खप वाढला. पब्लिकाचे प्रमुख अभियंता होते विमानउद्योगातून आलेले तात्सुओ हासेगावा. पुढची गाडीही त्यांच्याकडेच आली. या वेळी त्यांनी आपला नियम ठरवला: प्रत्येक बाबतीत किमान ऐंशी गुण हवेत, आणि काही बाबतींत त्याहून पुष्कळ अधिक, कशातही गाडी गरीब वाटता कामा नये. ती गाडी नोव्हेंबर १९६६ मध्ये आली. तिचे नाव कोरोला. २०२१ पर्यंत जगभर पाच कोटींहून अधिक कोरोला विकल्या गेल्या. पब्लिका ते कोरोला या पाच वर्षांत हासेगावांचा अधिकार वाढला नव्हता. त्यांना माणूस अधिक कळला होता.

आणि हा अधिकार होता तरी किती? टोयोटात तेव्हा अशा प्रमुखाला शुसा म्हणत. क्राउन गाडीसाठी केन्या नाकामुरा यांच्यापासून ही पद्धत रूढ झाली. शुसाच्या हाताखाली मोजकी माणसे. इंजिनवाले इंजिन विभागाचे, बॉडीवाले बॉडी विभागाचे, आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा. शुसाला त्यांच्याकडून काम पटवून करून घ्यावे लागे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या २० कंपन्यांतल्या २९ वाहन-प्रकल्पांचा अभ्यास करून १९९१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी प्रॉडक्ट मॅनेजरांचे दोन प्रकार केले: हलक्या वजनाचे आणि जड वजनाचे. हलका मॅनेजर वेळापत्रक सांभाळतो, विभागांत निरोप पोचवतो, अडलेले काम सोडवतो. जड मॅनेजर ग्राहकाशी थेट संबंध ठेवतो, गाडीची मूळ कल्पना स्वतः धरून ठेवतो आणि कामावरच्या इंजिनिअरशी स्वतः बोलतो. वेग आणि गाडीचा एकसंधपणा, दोन्हींत जड मॅनेजर असलेल्या कंपन्या पुढे होत्या.

येथे पहिल्या पक्षाला संधी दिसेल. ‘जड वजन म्हणजे अधिकारच!’ असे तो म्हणेल. आक्षेप रास्त आहे, कारण ही माणसे ज्येष्ठ होती आणि त्यांचा दबदबा होता. पण इंजिनिअर औपचारिकपणे आपापल्या विभागप्रमुखाच्याच हाताखाली होते, हे त्याच अभ्यासात आहे. ज्येष्ठांचा त्या काळी सगळ्याच विभागांत दबदबा होता. मग त्यांतले सगळेच गाडीचे सूत्र का धरू शकले नाहीत? वजन येत होते ते ग्राहक आणि गाडी दोन्ही कोणाला सर्वांत नीट ठाऊक आहेत यावरून.

हाच अभ्यास दुसऱ्या पक्षालाही उत्तर देतो, आणि तो पक्ष मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो अनुभवातून बोलतो. डेव्हलपरांची तक्रार खोटी नाही. त्यांनी पाहिलेले प्रॉडक्ट मॅनेजर बहुतेक हलक्या वजनाचेच असतात. आपल्याकडे तर त्याला इतिहासही आहे. पुण्या-मुंबईचा सॉफ्टवेअर उद्योग सेवांवर वाढला. काय बनवायचे ते परदेशातला क्लायंट ठरवत असे. रिक्वायरमेंटची कागदपत्रे तिकडून येत आणि इकडचे कौशल्य ती मुदतीत, ठरल्या खर्चात पूर्ण करण्याचे असे. त्या व्यवस्थेतला उत्तम माणूस म्हणजे उत्तम प्रोजेक्ट मॅनेजर, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. पुढे याच कंपन्यांत आणि याच माणसांत प्रॉडक्ट मॅनेजर हे पद आले तेव्हा त्याच्यावर जुनेच काम लादले गेले. फक्त क्लायंटच्या जागी वरिष्ठ आले. वरिष्ठ सांगतात, हा लिहून घेतो, टीम बनवते. अशा माणसाला डेव्हलपर सांगकाम्या म्हणत असतील तर ते बरोबरच म्हणतात. पण ते त्या माणसाचे वर्णन झाले. पदाचे नव्हे. एखाद्या गावात शिक्षक शिकवत नसेल तर शाळाच नको, असा निष्कर्ष आपण काढतो का?

या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार मात्र पुण्याचा नाही. एअरबीएनबीचे संस्थापक ब्रायन चेस्की यांनी जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, डिझाइनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फिग्मा कंपनीच्या संमेलनात सांगितले की आपल्या कंपनीत पारंपरिक प्रॉडक्ट मॅनेजमेंट आपण काढून टाकले. समोर बहुसंख्य डिझायनर होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ‘पद संपले’ याचा दाखला म्हणून ही घटना सांगितली जाते. पण चेस्कींनी पुढे काय केले तेही सांगा. त्यांनी प्रॉडक्ट मॅनेजमेंट आणि प्रॉडक्ट मार्केटिंग ही कामे एकत्र केली. म्हणजे जो माणूस वस्तू कशी असावी हे सांगणार, त्यानेच ती लोकांपुढे कशी मांडायची तेही सांगावे. समन्वयाचे काम वेगळ्या माणसांकडे दिले. आणि काय बनवायचे याचे मोठे निर्णय ते स्वतः, रोजच्या तपशिलात उतरून, घेऊ लागले. काम संपले का? नाही. खुर्ची बदलली. किंबहुना निरोप पोचवणे वेगळे काढून ‘का?’ या प्रश्नाला बाजाराशी अधिक घट्ट बांधले गेले. हा साक्षीदार दुसऱ्या पक्षाने बोलावला, पण त्याची साक्ष माझ्या बाजूने आहे.

दोन किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लावतो. एक, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे भन्नाट कल्पना सुचणारा माणूस. स्वस्त गाडीची कल्पना मंत्रालयालाही सुचली होती आणि उद्योगपतीलाही. कल्पना दुर्मिळ नाहीत. त्यांतल्या कोणत्या मारायच्या हे वेळेवर ठरवणे दुर्मिळ आहे. दोन, ग्राहक मागेल ते देणे म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजमेंट. टेम्पोवाल्याने मागितले ते दिले असते तर आणखी एक स्वस्त तीनचाकी निघाली असती.

आता शेवटचा आणि खरोखर अवघड आक्षेप. ‘हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, मान्य, पण त्यासाठी वेगळा माणूस कशाला? प्रत्येक डेव्हलपरने, डिझायनरने ग्राहकाचा विचार करावा.’ तो करावाच. जिथे करतात तिथले प्रॉडक्ट चांगले असते. पण सगळ्यांची जबाबदारी कशी वागते ते १९३१ मध्ये सिनसिनाटीत एकाने पाहिले होते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम बघत होता. त्याच कंपनीचा आयव्हरी साबण मोठा आणि लाडका; कॅमेकडे सगळ्यांचे थोडे थोडे लक्ष, म्हणजे कोणाचेच पुरेसे नाही. १३ मे १९३१ रोजी त्याने तीन पानी टिपण लिहिले, तेही एकपानी टिपणांची शिस्त असलेल्या कंपनीत. प्रत्येक ब्रँडसाठी एक माणूस असावा. त्याने आपल्या मालाची रवानगी भागाभागाने तपासावी, कुठे खप चांगला आणि कुठे पडतो ते शोधावे, जिथे पडतो तिथे स्वतः जावे, दुकानदारांशी बोलावे, कारण शोधावे, उपाय सुचवावा आणि तो लागू पडला का हेही मोजावे. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदाची एक मुळी या टिपणात आहे. त्यात विक्रेत्यांवर किंवा कारखान्यावर हुकूम चालवण्याची मागणी नाही. दोन माणसे द्या एवढी विनंती आहे, आणि बाकी सारी कामांची यादी आहे. ती यादी आज वाचली तरी दिसते की तिच्यातले एकही काम आपोआप होत नाही. ज्याचे ते मुख्य काम आहे तोच दुपारच्या उन्हात दुकानात जाऊन विचारतो की गिऱ्हाईक हा साबण उचलून परत का ठेवते.

आता म्हणतात की आवश्यकतांचे दस्तऐवज यंत्र काही मिनिटांत लिहून देते, म्हणून हे पद उरणार नाही. ज्याचे काम दस्तऐवज लिहिण्याचेच होते त्याचे पद जाईल, आणि जावे. पण कागदावर पब्लिका नेटकीच होती. हलकी, काटकसरी, तांत्रिकदृष्ट्या नीट. सामान्य जपानी कुटुंब पहिल्या गाडीत हीटर आणि रेडिओ मागेल, हे त्या कागदावर कुठे लिहिले नव्हते. ते न खपलेल्या गाड्यांतून शोधून पुढच्या गाडीत घालावे लागले.